चंद्रावरचे भगवानदादा

1967 साली हिंदी पडद्यावर दोन माणसं चंद्रावर उतरली. नील आर्मस्ट्राँगला अजून दोन वर्षं अवकाश होता. त्या दोघांपैकी एक अमृतसरकडच्या धर्मूचक गावचे पैलवान दारासिंग. दुसरे भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. गिरणी कामगाराचा मुलगा, दादर-परळच्या वस्तीत वाढलेला, तेव्हा वय वर्षं 54. चित्रपटाचं नाव 'चांद पर चढाई'. दिग्दर्शक टी. पी. सुंदरम, संगीत उषा खन्ना यांचं, सोबतीला हेलन आणि पद्मा खन्ना. दारासिंग झाले कॅप्टन आनंद आणि भगवानदादा त्यांचे सोबती भागू. चंद्रावर पोचल्यावर त्यांची गाठ पडते ती नाना तऱ्हेच्या राक्षसांशी आणि दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या योद्ध्यांशी. चित्रपट कृष्णधवल, बजेट बेताचं.

या चित्रपटाचे तुकडे हल्ली मोबाइलवर फिरतात आणि तरुण मुलं पोट धरधरून हसतात. त्यांचा मला राग येत नाही. पण माझा सगळा जन्म एडिटिंग टेबलाशी गेला, आणि मला त्यात हसण्याजोगं फार थोडं सापडतं. मी दारासिंगांवरून नजर काढतो आणि शेजारच्या त्या ठेंगण्या, अंगाने सुटलेल्या माणसाकडे बघत राहतो. कारण मारामारी हा मुळात त्याचा धंदा होता. 'अलबेला'च्या नाचाने भगवानदादांना अमर केलं, हे खरंच. पण त्याआधी जवळजवळ दीड तप हा माणूस मुंबईच्या कामगारांचा मारामारीचा हिरो होता. त्या वर्षांची दखल आपल्याकडे एका ओळीत घेतली जाते: 'सुरुवातीला त्यांनी काही स्टंटपट केले.' ही ओळ मला फार टोचते.

स्टंटपट मूकपटांच्या काळापासूनचा. पडद्यावर बोलणं नव्हतंच, तेव्हा उडी, तलवार आणि घोडा यांवरच सगळी मदार. या धंद्यातला पहिला मोठा मराठी तारा म्हणजे मास्टर विठ्ठल. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी आरंभी संकलनाचं काम केलं होतं, माझ्याच पेशातलं, म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष माया आहे. पुढे शारदा फिल्म कंपनीने त्यांना तलवारबहाद्दर हिरो केलं. त्यांची लोकप्रियता एवढी की 'आलम आरा'साठी अर्देशिर इराणींनी त्यांनाच उचललं. त्यावरून शारदाशी कोर्टकचेरी झाली आणि विठ्ठलांची बाजू बॅरिस्टर जिनांनी लढवली. 14 मार्च 1931 ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये भारताचा पहिला बोलपट लागला, त्याचा हिरो हा. आणि बोलपटानेच त्यांचा घात केला. विठ्ठलांची जबान हिंदी-उर्दूला वळेना. हळूहळू मोठ्या भूमिका गेल्या आणि छोट्या उरल्या. ते 1969 साली वारले. ज्याची सगळी पुंजी अंगातच असते त्याचं काय होतं, हे या धंद्याने तेव्हाच बघितलं होतं.

मग वाडिया बंधू आले. जे. बी. एच. आणि होमी यांनी 1933 मध्ये वाडिया मूव्हीटोन काढली. 1935 ला 'हंटरवाली' आला आणि पर्थमध्ये जन्मलेली मेरी इव्हान्स ही गोरी बाई 'फिअरलेस नादिया' म्हणून घराघरांत पोचली. ती धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करायची, स्वतः. वाडियांचा स्टुडिओ परळला होता. 1942 साली त्याच जागी शांतारामबापूंनी, म्हणजे व्ही. शांताराम यांनी, राजकमल कलामंदिर उभं केलं. परळच्या त्या जागेचा इतिहास आपण सांगतो तो बहुधा राजकमलपासून. तिथल्या जमिनीवर आधी नादियाच्या उड्या पडल्या होत्या, हे सांगायचं राहून जातं.

हे चित्रपट बघायचं कोण? माझे वडील बघायचे. ते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. रातपाळी करून आले की चार घास खाऊन आडवे व्हायचे आणि दुपारी उठून थेटर गाठायचे. त्यांच्याबरोबर खोलीत राहणारे कोणी मालवणचे, कोणी साताऱ्याचे, कोणी थेट जौनपूरचे. हिंदी संवादांतलं निम्मं कोणालाच कळत नसे, आणि स्टंटपटाला त्याची गरजही नव्हती. दहा तास साच्याच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला पडद्यावर एक माणूस मुकादमासारख्या दिसणाऱ्या सावकाराला उचलून आपटतोय, एवढं पुरे होतं. वडिलांना गोष्ट कधी आठवायची नाही. 'तो पुलावरून उडी मारतो तो' अशी त्यांची चित्रपटांची नावं.

भगवानदादा याच प्रेक्षकांतून उठले. जन्म अमरावतीचा, 1913 सालचा, पण बाकी सगळा माणूस मुंबईचा. तालमीचा नाद होता, त्यावरूनच 'दादा' हे नाव पडलं. मूकपटात शिरले, 1934 मध्ये 'हिम्मत-ए-मर्दा' या बोलपटात आले, आणि 1938 ला चंद्रराव कदम यांच्याबरोबर 'बहादुर किसान' दिग्दर्शित केला. तिथून 1949 पर्यंत एकामागून एक स्टंटपट. त्यांचा हिरो देखणा नसायचा. भोळाभाबडा, जरा बावळट वाटणारा, आणि मग वेळ आली की चार जणांना लोळवणारा. गिरणगावाला त्यात आपला माणूस दिसला.

हे चित्रपट ते कसे करायचे, ते ऐकून आजच्या निर्मात्याला घाम फुटेल. 65 हजार रुपयांत त्यांनी चित्रपट पुरा केल्याचं सांगितलं जातं. कपडे स्वतः ठरवायचे, युनिटच्या जेवणाची व्यवस्थाही स्वतः बघायची. युद्धाच्या काळात कच्ची फिल्म मिळेना. 1942 मध्ये सरकारने चित्रपटाची लांबी 11 हजार फुटांवर आणली. म्हणजे दोन तास आणि वर मिनिट-दोन मिनिटं. संकलक म्हणून सांगतो, मारामारीच्या चित्रपटाला यासारखा जाच नाही. एकेक उडी दोनदोनदा टिपायची सोय नाही. जे पडलं ते पडलं, तेच पडद्यावर. म्हणून त्या काळच्या ज्या काही मारामाऱ्या आज बघायला मिळतात त्यांत माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि शॉट लांबत जातो. आज आम्ही ठोसा लागायच्या क्षणी कापतो. हात गालाजवळ पोचण्याआधीच्या दोन फ्रेम काढून टाकल्या की फटका कडक बसल्यासारखा वाटतो. तेव्हा युक्ती होती ती कॅमेऱ्यात. सेकंदाला 24 ऐवजी 18-20 फ्रेमनी टिपायचं, म्हणजे पडद्यावर माणसं सपासप हलतात. पण ती पडतात ती खरीच पडतात.

ते पडणं काय असतं हे मला घरातूनच ठाऊक आहे. आईचे एक मावसभाऊ फाइटर होते. आम्ही त्यांना मामाच म्हणायचो. रोजंदारीवर काम, काम असेल त्या दिवशी पैसे, हात मोडला तर घरी. खाली पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचायची, वर गाद्या टाकायच्या, आणि वरून उडी घ्यायची. खोकी कोरी हवीत, एकदा दबलेली पुन्हा कामाची नाहीत, असं ते बजावून सांगायचे. पण निर्माता खोक्यांचेही पैसे वाचवायला बघे. पाठ टेकायच्या आधी श्वास सोडायचा, हनुवटी छातीला लावायची आणि तळहात जमिनीवर आपटायचा, म्हणजे हिसका हातातून निघून जातो. हे त्यांनी आम्हा मुलांना चटईवर शिकवलं होतं. साठी यायच्या आधीच त्यांना आमच्या चाळीचा जिना चढवेना. आई त्यांच्यासाठी खाली डबा पाठवायची. स्टंटपटांच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव कधी आलं नाही.

भगवानदादांच्या स्टंटपटांनी आणखी एक गोष्ट केली, जी संगीताच्या चाहत्यांनी तरी विसरू नये. 1941 साली त्यांनी तमिळमध्ये 'वनमोहिनी' काढला. त्या चित्रपटाच्या आसपास राम नरहर चितळकर नावाच्या तरुणाला त्यांनी संगीत दिग्दर्शनाची संधी दिली, आणि 1942 ला 'सुखी जीवन' हा हिंदी चित्रपटही दिला. तेच आपले सी. रामचंद्र. ही दोस्ती नसती तर 'अलबेला' 'अलबेला' झाला नसता.

भगवानदादांनी 1942 ला जागृती पिक्चर्स काढली, 1947 ला चेंबूरला जागृती स्टुडिओ. मग राज कपूरनी सांगितलं, मारामारी पुरे, सामाजिक चित्रपट काढ. 1951 मध्ये 'अलबेला' आला, गीता बालींबरोबर. त्याचं यश सगळ्यांना ठाऊक आहे, मी त्यावर थांबत नाही. जुहूला 25 खोल्यांचा बंगला, दारात सात मोटारी, असं त्या काळाबद्दल सांगतात. 1953 ला 'झमेला' आला, पण ती गंमत पुन्हा जमली नाही. 'हँसते रहना' नावाचा चित्रपट अर्धवट राहिला आणि त्यात घरदार गेलं. 1966 ला 'लाबेला' आला. नावातून जुनं भाग्य परत बोलवायचा तो प्रयत्न होता. तोही चालला नाही. आणि दुसऱ्याच वर्षी 'चांद पर चढाई'.

दारासिंगांचं तसं नव्हतं. ते तेव्हा भरात होते. 1954 चे रुस्तम-ए-हिंद, 1959 ला कलकत्त्यात जॉर्ज गोर्डिएंकोला हरवून राष्ट्रकुल विजेते. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये फ्रीस्टाइल कुस्त्या लागल्या की गिरणगाव तिकडे लोटायचं. 1962 मध्ये बाबूभाई मिस्त्रींनी त्यांना 'किंग काँग'मध्ये आणलं, 1963 ला 'फौलाद' आला, आणि मुमताजबरोबर त्यांनी 16 चित्रपट केले. आखाड्यातली त्यांची सगळ्यात मोठी कुस्ती तर चंद्रावरून परतल्यानंतरची: 29 मे 1968 ला याच मुंबईत त्यांनी लू थेझला चीत करून जागतिक विजेतेपद घेतलं. म्हणजे पडद्यावर शेजारी शेजारी उभे आहेत ते या धंद्याचा आजचा राजा आणि कालचा राजा. मारामारी एकाच्या वाट्याला, हशा दुसऱ्याच्या.

पण चंद्रच का? स्टंटपटवाले वर्तमानपत्र वाचून गोष्टी ठरवायचे म्हणून. फेब्रुवारी 1966 मध्ये रशियाचं लुना-9 चंद्रावर अलगद उतरलं होतं, जूनमध्ये अमेरिकेचं सर्व्हेयर. जानेवारी 1967 मध्ये अपोलोच्या यानात चाचणी चालू असताना आग लागून तीन अंतराळवीर गेले. आपल्याकडे 1963 पासून केरळातल्या थुंब्याला रॉकेटं उडत होती, पहिलं अमेरिकेचं नाइकी-अपाची. आणि 20 नोव्हेंबर 1967 ला आपल्या लोकांनी स्वतः बांधलेलं पहिलं रॉकेट, 75 मिलिमीटर व्यासाचं रोहिणी, थुंब्याहून वर गेलं. चर्चच्या इमारतीत कार्यालय आणि सायकलवरून रॉकेटचे भाग नेणारी माणसं, हे फोटो आपण अभिमानाने बघतो. त्याच वर्षी एका कृष्णधवल स्टुडिओत लाकूड-पुठ्ठ्याचं रॉकेट उभं करणाऱ्या सुतारांचा फोटो कोणी काढला नाही. सामानाची ओढाताण दोन्हीकडे होती आणि नवं काही उभं करायची उमेदही दोन्हीकडे. मला ही दोन कामं फार लांबची वाटत नाहीत.

मराठीत त्याच सुमारास, 1966 मध्ये, मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्याच स्पर्धेतून पुढे 1974 ला जयंत नारळीकरांची पहिली विज्ञानकथा आली. 1967 मध्ये सत्यजित राय बंगालच्या खेड्यातल्या तळ्यात उतरणाऱ्या परग्रहवासीयाची पटकथा घेऊन हॉलिवूडला गेले. तो चित्रपट कधी झालाच नाही. त्याबद्दल पुस्तकं आहेत, लेख आहेत, हळहळ आहे, आणि ती योग्यच आहे. जो चित्रपट अपुऱ्या पैशांत झाला, लागला, कामगारांनी पाहिला, त्याबद्दल मात्र चार ओळी सापडणं कठीण. त्याच वर्षी प्रदीप कुमार आणि तनुजा यांचा 'वहाँ के लोग' आला, त्यात मंगळावरची माणसं. त्याचंही तेच.

विज्ञानपटाच्या युक्त्या या धंद्याला नव्या नव्हत्या. 1937 ला 'ख्वाब की दुनिया'मध्ये अदृश्य माणूस दाखवायला बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्याने वस्तू लटकवून हलवल्या होत्या. त्यांना लोक 'काला धागा' म्हणू लागले. पुढच्या तीस वर्षांत सगळं साधन जवळपास तेच राहिलं. अशा चित्रपटांचा चंद्र कसा उभा राहायचा ते मी जुन्या सेटिंगवाल्यांकडून ऐकलं आहे. बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर प्लास्टर थापून खड्डे आणि सुळके करायचे, वरून करडा रंग. मागे काळा पडदा, त्याला भोकं, भोकांमागे बल्ब. प्लास्टर ओलं असतानाच शूटिंग सुरू करावं लागे, कारण फ्लोअरचं भाडं दिवसावर. पैलवान आपटला की सुळका हलायचा आणि शॉट तरीही ठेवावा लागायचा. कृष्णधवल फिल्मने त्यात बरंच सांभाळून घेतलं. रंगीत फिल्मवर ते प्लास्टर चंद्र म्हणून खपलं नसतं.

मी तो चित्रपट शाळेत असताना वडिलांबरोबर पाहिला. भगवानदादा दिसले तेव्हा वडील माझ्या कानाशी लागून म्हणाले, "ह्यो बघ, आमच्या टायमाचा फाइटर." मी ऐकलं आणि पुन्हा दारासिंगांकडे बघू लागलो. पुढे टेबलावर बसायची सवय झाल्यावर पाहिला तेव्हा वडिलांना काय म्हणायचं होतं ते दिसलं. भगवानदादांच्या उभं राहण्यातच ते आहे. वजन दोन्ही पायांवर सारखं, गुडघे किंचित मोकळे, खांदे सैल. भोवती धक्काबुक्की चालू असली की त्यांचा पाय आपोआप जागा शोधतो. 'अलबेला'तला तो सुप्रसिद्ध नाचही याच उभं राहण्यातून आला, असं माझं मत आहे. कंबर थोडी, हात थोडे, आणि सगळा तोल तालमीतला. गणपतीच्या मिरवणुकीत मुंबईची पोरं आजही तसं नाचतात.

'चांद पर चढाई'नंतर स्टंटपट फार टिकला नाही. लोक म्हणतात, प्रेक्षक सुधारले. मला हे पटत नाही. प्रेक्षकांना मारामारी हवीच होती, ती मोठ्या चित्रपटांनी उचलली. 1973 चा 'जंजीर', 1975 चे 'दीवार' आणि 'शोले': रंग, मोठे लेखक, मोठा हिरो, आणि मारामारीसुद्धा. मग मुंबईच्या पिला हाऊस वस्तीतल्या थेटरांत जुन्या प्रिंटा फिरवण्यापलीकडे स्टंटपटाला जागा उरली नाही. त्याच मारामाऱ्यांवर पुढच्या पिढीचे हिरो कोट्यधीश झाले. मामांसारख्यांची रोजंदारी तशीच राहिली.

भगवानदादा पुढेही कामं करत राहिले, पडद्यावर मिनिटभर, कधी नुसते नाचून जायला. राहायला दादरच्या चाळीत आले होते. 4 फेब्रुवारी 2002 ला तिथेच गेले. 2016 ला 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट त्यांच्यावर निघाला, मंगेश देसाईंनी त्यांची भूमिका मनापासून केली. तोही नावाप्रमाणे 'अलबेला'चाच. त्याला दोष देता येत नाही, कारण आधीचं दाखवायला शिल्लक काय आहे? त्यांच्या बऱ्याच चित्रपटांच्या निगेटिव्ह गोरेगावच्या गोदामातल्या आगीत गेल्या, असं सांगतात. आग लागली नसती तरी भंगारवाला होताच. जुन्या कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते. ती धुऊन काढायची आणि उरलेली पट्टी विकायची, हा मुंबईतला जुना व्यवहार. आपल्या 1300 च्या आसपास मूकपटांपैकी मोजकेच हाती उरले. पी. के. नायर यांनी 1964 ला स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जे जमवलं, तेवढ्यावर आपला सगळा इतिहास उभा आहे. स्टंटपट तिथेही कमीच, कारण ते ठेवण्यालायक आहेत असं त्यांच्या मालकांनाच वाटलं नाही.

म्हणून एक सांगतो. मुंबईत, कोल्हापुरात, बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या घरांत अजून पत्र्याचे डबे पडून आहेत. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर आतली ॲसिटेट फिल्म सडायला लागली आहे, पण बहुतेक वेळा अजून वाचवता येते. ती प्रोजेक्टरवर चढवू नका, उन्हात वाळवू नका, दुसऱ्या डब्यांपासून वेगळी ठेवा. फिल्म 1950 च्या आधीची, चिकट किंवा तपकिरी भुकटी झालेली असेल तर ती नायट्रेट असू शकते. ती पेट घेते, म्हणून घराबाहेर सावलीत ठेवा आणि जवळ विडी-काडी करू नका. दोन्ही बाबतींत आधी पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. डब्यावर कोणाचं नाव आहे ते बघून भाव ठरवू नका. 'बहादुर किसान'चं एक रीळ जरी निघालं, तरी मी पहिल्या गाडीने येईन आणि ते स्वतः टेबलावर सोडवायला बसेन.